हिराआत्याची स्थळं

हिराआत्या नोकरीला 'स्थळ' म्हणते. फिटरचं एक बरं स्थळ आलंय. त्या क्रेनवाल्या स्थळात काही राम नाही, माणसं तुसडी आहेत. अमक्याच्या धाकट्याचं अजून कुठे जमत नाही, जरा बघायला पाहिजे. तिच्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला बराच वेळ कळत नाही की चाललंय ते लग्नाचं की पगाराचं.

मलाही कळलं नव्हतं. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "मास्तर, पोरी बघता का?" मी गडबडून सांगून टाकलं की माझं लग्न झालेलं आहे, बायको रोह्याला असते आणि मुलगीसुद्धा नोकरीला लागली आहे. आत्याने कपाळाला हात लावला. वेल्डिंग शिकायला मुलीही घेता का, एवढंच तिला विचारायचं होतं. मग तिने मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं आणि बरोबर आलेल्या बाईला म्हणाली, "लगीन झालंय ते बरं झालं. आता जमवायला जड गेलं असतं."

मी वेल्डिंग शिकवणारा माणूस. उभी हयात आयटीआयमध्ये पोरांना 'काच डोळ्यांवर घे' असं ओरडण्यात गेली. निवृत्त झालो आणि घरी बसून बायकोला स्वयंपाक कसा करावा ते सांगायला लागलो, तेव्हा तिनेच धावपळ करून मला ही कामगिरी शोधून दिली. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर गॅसचं एक मोठं टर्मिनल उभं राहतंय. थंड करून पातळ केलेला गॅस जहाजातून आणायचा, टाक्यांत उतरवायचा आणि नळांतून पुढे पाठवायचा, असं ते काम. गावांच्या जमिनी गेल्या तेव्हा स्थानिकांना काम द्यायचं ठरलं होतं. पण वेल्डर काही झाडाला लागत नाहीत. म्हणून कंपनीने रेवसच्या रस्त्याला बंद पडलेली एक भाताची गिरणी भाड्याने घेतली, तिला रंग दिला, यंत्रं आणली, पंखे लावले, बाहेर 'स्थानिकांना प्राधान्य' असा फलक ठोकला आणि आत मला आणून बसवलं. सगळं होतं. फक्त शिकायला कोणी येत नव्हतं.

लोकांचंही काही चुकत नव्हतं. असे प्रकल्प त्यांनी आधी पाहिले होते. दोनचार घरांत भिंतीवर ट्रेनिंगची सर्टिफिकेटं चौकटीत लावलेली होती आणि ती मिळवणारी मुलं टेम्पो चालवत होती. आयांना वाटे की त्या उजेडाने पोराचे डोळे जातील. बापांना वाटे की ट्रेनिंग म्हणजे नोकरी न देण्याची नवी तऱ्हा. गावांशी बोलण्यासाठी कंपनीने देशपांडे मॅडमना नेमलं होतं. पुण्याच्या, वयाने लहान आणि मनाने फार चांगल्या. त्यांनी रिक्षावर कर्णा लावून गावोगाव फिरवला. बायका हंडे घेऊन बाहेर आल्या, पाण्याच्या टँकरची दवंडी नाही हे कळल्यावर पुन्हा आत गेल्या. शेवटी सरपंचाने मॅडमना समजावलं की रस्त्यावरून ओरडून आमच्याकडे कोणी पोरगं देत नाही. हिराआत्याला मध्ये घाला.

हिराआत्या साठीला टेकलेली. अंगाने सडपातळ आणि बायकांत उठून दिसेल इतकी उंच, पण चालताना जरा वाकून चालणारी. ऊन असो नसो, काखेत काळी छत्री. खांद्याला रेक्झिनची पर्स, तिच्यात लवंगा, सेफ्टी पिना आणि उपवर मुलामुलींचे फोटो. घर मिठागरावर राबलेलं. मिठागर बंद पडलं, भावाने ट्रक घेतला, आणि आत्या भावाच्या घरी राहून पेणपासून मुरुडपर्यंत लोकांची लग्नं जमवत फिरू लागली. तिने जमवलेल्या लग्नांतली निम्मी सुखाची झाली आणि उरलेली इतरांच्या लग्नांसारखी. सगळा भाग तिला आत्या म्हणतो, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. का झालं नाही, हे मात्र कोणी विचारत नसे. पोस्टमनला स्वतःची पत्रं येतात का, हे कोण विचारतो?

तिला थोडंसं मानधन ठरवून 'समाज समन्वयक' असं पद दिलं. ते तिला म्हणता येत नसे आणि म्हणायची गरजही पडली नाही. तिची पद्धत ठरलेली होती. पुढच्या दाराने जायचं नाही, मागच्या दाराने जायचं. पोराशी बोलायचं नाही, बापाशी तर नाहीच, आईशी बोलायचं. चहा पुढे येईपर्यंत विषय काढायचा नाही. चहा आला की पहिला घोट घेऊन म्हणायचं, "एक स्थळ आलंय, पण तुमाला पसंत पडंल का ते काय मी सांगू शकत न्हाय." मग आईच तिच्या मागे लागे.

महिन्याभरात गिरणी भरली. पोरांना घेऊन ती स्वतः यायची, एकेकाला माझ्यासमोर उभं करायची आणि गुणदोष सांगायची. दोष आधी. हा रागीट आहे, पण जेवल्यावर शांत होतो. ह्याला सकाळी उठवायला माणूस लागतो. हा मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, पण आईला उलटून बोलत नाही. कोणी काय शिकायचं हेही ती स्वभावावरून ठरवी. रागीट पोरं ग्राइंडरला, कारण तिथे राग कामाला येतो. घुम्या पोरांनी वायरिंगला जावं. लांब पायाच्यांनी परांचीवर चढावं. हे शास्त्र पुष्कळदा साफ चुकत असे. नितीन नावाच्या एका लांबटांग्याला तिने परांचीला घातलं. तो चढला छान, पण वर गेल्यावर खांबाला मिठी मारून जो बसला तो खाली येईना. दोघांनी धरून उतरवलं तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. आत्याने त्याला लवंग दिली, पाठीवरून हात फिरवला आणि मला सांगितलं की पत्रिका जुळत नाही, दुसरं बघू. आज नितीन टर्मिनलच्या भांडारात आहे, जमिनीवर, आणि सुखात आहे.

खरी करमणूक झाली ती कंपनीच्या नोकरभरतीचे सबनीस साहेब पहिली तुकडी बघायला मुंबईहून आले तेव्हा. आत्याने आदल्या दिवशी गिरणी धुऊन घेतली. पोरांना दाढ्या करून यायला सांगितलं. आणि साहेब येऊन टेकले तोच आतून कांदेपोहे आले. देशपांडे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. साहेबांनी पोहे मागून घेतले. त्यांची बशी रिकामी झाल्यावर आत्या त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि चौकशी सुरू झाली. घरात माणसं किती? वरचा माणूस ओरडणारा आहे का? दुपारच्या जेवणाचं काय? रात्रपाळीला ने-आण कोण करणार? साहेब हसतमुखाने उत्तरं देत होते. मग तिने विचारलं, "आधीचा मानूस का सोडून गेला?"

साहेब म्हणाले की माणसं येतात-जातात, एवढ्या मोठ्या कामात ते साहजिकच आहे. आत्याने सांगितलं की ज्या घरातून एकापाठोपाठ एक सुना निघून जातात त्या घराला आम्ही साहजिक म्हणत नाही. साहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. नंतर करार अकरा महिन्यांचा असतो हे निघालं. त्याचा अर्थ काय, ते मॅडमनी तिला हळू आवाजात समजावलं. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे सोडचिठ्ठी आधी लिवायची, नि मग हळद लावायची." पुढे करार दोन वर्षांचे झाले. ते आत्यामुळे झाले असं मी म्हणणार नाही. आत्या म्हणते.

पोरगं कामाला लागलं म्हणजे आपलं काम संपलं, असंही तिला वाटत नसे. दोनचार दिवसांनी ती टर्मिनलच्या गेटवर जाई आणि रखवालदाराला सांगे की मी पोऱ्याच्या घरची आहे, त्याला जरा बाहेर पाठवा. एकदा एक मुलगा मुकादमाच्या शिव्यांना कंटाळून घरी पळून आला. आत्या त्याला हाताला धरून परत घेऊन गेली. सगळ्यांना वाटलं, आता मुकादमाची धडगत नाही. आत्या त्याच्याशी अत्यंत गोड बोलली. गाव कुठलं, घरी कोण कोण, असं करत करत त्याची एक बहीण लग्नाची आहे आणि ती काळजी त्याला रात्रंदिवस खाते, इथपर्यंत ती पोचली. बहिणीचं महाडला जमलं. मुकादम आता पोरांना 'राजा' म्हणतो.

हे सगळं सांगायचं ते प्राचीपर्यंत येण्यासाठी.

प्राची ही आत्याच्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेली, बाप ट्रकवर, त्यामुळे तिला वाढवलं आत्यानेच. गोरीगोमटी नाही, पण तरतरीत. आत्यासारखीच उंच, फक्त वाकून न चालणारी. आत्याने गावच्या मुली वायरिंगला आणल्या, क्रेनला आणल्या, त्यांच्या आयांशी भांडली. प्राचीसाठी मात्र तिने वेगळं ठरवलं होतं. सावलीतलं स्थळ. गिरणीच्या माळ्यावर कंपनीने कॉम्प्युटरचा वर्ग काढला होता, त्यात तिने प्राचीचं नाव घातलं.

प्राची चार दिवस माळ्यावर बसली आणि पाचव्या दिवशी दुपारच्या तुकडीत खाली येऊन वेल्डिंगला उभी राहिली. मी तिला घेतलं. केंद्रात काही चाललंय आणि आत्याला ते ठाऊक नाही, अशी शक्यता माझ्या डोक्यातच आली नाही. आत्या सकाळी यायची आणि दुपारी गावांत फिरायची, त्यामुळे बरेच दिवस गाठ पडली नाही.

मग एका दुपारी आत्या किहीमच्या एका आईला केंद्र दाखवायला घेऊन आली. त्या आईला धाकधूक होती, म्हणून आत्याने तिच्या डोळ्यांवर काळी काच धरली आणि तिला ओळीने उभ्या असलेल्या पोरांच्या मागून नेलं. शेवटच्या जागेपाशी ती थांबली. तिथे एक जण नळाचा सांधा जोडत होता. तोंडावर ढाल, अंगात जाड डगला. रॉड न थरथरता पुढे सरकत होता आणि त्यामागे टाका पडत होता, एकसारखा, शिवणाच्या मशिनीवर पडावा तसा. आत्या त्या बाईला सांगू लागली की हात बघावा तर असा. असा पोरगा ज्या घरात जाईल त्या घराचं सोनं होईल. काम संपल्यावर तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कोणाचा तू, असं विचारलं. ढाल वर झाली. आत प्राची होती.

आत्या पाहुणीला म्हणाली, "ही आमची प्राची," आणि छत्री तिथेच विसरून निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्याच खोलीत उभी राहून चहावाल्याला सांगायची, "मास्तरांना इचार, उद्या सुट्टी हाय का." चहावाला मला विचारायचा, मी त्याला सांगायचो, तो तिला सांगायचा. बिचाऱ्याचा चहा गार व्हायचा. घरी काय झालं ते मला नंतर प्राचीकडून कळलं. आत्याने तिला ना रागावलं ना समजावलं. रोज संध्याकाळी ती आली की तिच्या डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवत होती. आठवडा संपला तेव्हा आत्या एका घरी जाऊन बसली आणि सांगू लागली की वेल्डिंगचं स्थळ मुलींसाठी फार चांगलं, आमच्या घरातच आहे.

वेल्डरांची परीक्षा घ्यायला बाहेरचा निरीक्षक आला. जोडलेल्या सांध्याचा एक्स-रे काढतात. आत कुठे बुडबुडा राहिला तर तो दिसतो. तुकडीतल्या पुष्कळांचे सांधे परत करावे लागले. प्राचीचा पहिल्या फेरीत निर्मळ निघाला. निरीक्षकाने तो एक्स-रे मला दाखवला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरून पाहिला. इतकी वर्षं शिकवूनही असा क्षण रोज येत नाही.

आणि मग टर्मिनलच्या ठेकेदाराने पास झालेली पोरं घेतली आणि प्राचीला भांडारात मदतनीस म्हणून घेतलं. नळांच्या कामावर बायकांसाठी संडास-मोरीची सोय नाही, हे कारण. देशपांडे मॅडम खरोखर भांडल्या. पुढच्या टप्प्यात नक्की करू, असं उत्तर आलं. प्राची रोज सकाळी डोक्यावर पिवळी टोपी घालून जायची, नितीनच्या शेजारी उभी राहून पोरांना हातमोजे वाटायची आणि संध्याकाळी घरी यायची. तिचं बोलणं कमी झालं. आत्या ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडायची, पण संध्याकाळी घाईघाईने घराकडे निघायची तेव्हा तिच्या चालण्यात एक आनंद असे. तो तिलाही दिसत नसावा.

मी एका जुन्या ओळखीच्या माणसाकडे प्राचीबद्दल शब्द टाकला होता. आंध्रच्या किनाऱ्यावर असंच एक टर्मिनल बांधत होते, तिथे मुलींची वेगळी वेल्डर तुकडी होती, राहायला वसतिगृह होतं. त्यांच्याकडून काही कळलं नाही. मी म्हटलं, जागा भरली असेल. काही आठवड्यांनी तो निरीक्षक पुन्हा आला; आंध्रच्या त्या टर्मिनलवरही तोच परीक्षा घ्यायचा. चहा पिताना त्याने सहज विचारलं की तुम्ही लोकांनी नकार का दिलात? त्यांचा फोन तुमच्या केंद्रात आला होता. एका बाईने सांगितलं, मुलगी द्यायची नाही, आमचं इथंच ठरलंय.

मी कामावर असलो की माझ्या टेबलावरचा फोन कोण उचलतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि तिला विचारलं. तिने नाकारलं नाही. उलट पहिल्यांदा तावातावाने बोलली. एवढ्या लांबचा मुलूख, भाषा कळत नाही, जेवण वेगळं, तापली तर डोक्यावर हात ठेवायला कोण आहे. बोलता बोलता ती थांबली. पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली. तिला अशी पाठ टेकून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

मग तिने मला जे सांगितलं, ते असं. ती तरुण असताना तिला मुरुडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बोटीच्या इंजिनावर काम करायचा. बघून गेले. घरात तिला सांगितलं की त्यांच्याकडून काही उत्तर आलं नाही. मग दुसरं स्थळ आलं, तिसरं आलं. दर वेळी घरात तेच सांगितलं गेलं. ती धरून चालली की आपल्यातच काही खोट आहे. उंची जास्त म्हणून असेल. तेव्हापासून ती वाकून चालायला लागली. पुढे वय उलटलं, आणि ती दुसऱ्यांची लग्नं जमवू लागली. बऱ्याच वर्षांनी अशाच एका मुलीसाठी ती मुरुडला गेली, तर मुलीचा बाप तोच निघाला, बोटीवरचा. केस पांढरे झालेला. त्याने तिला ओळखलं. अंगणातून निरोप द्यायला येताना तो म्हणाला की आम्ही तर होकार कळवला होता. तुमच्या वडिलांनीच उलट निरोप पाठवला की मुलगी द्यायची नाही. तेव्हा मिठागरावर माणसं कमी पडत होती, आई अंथरुणाला खिळलेली होती आणि भाऊ लहान होता.

त्या मुलीचं तू काय केलंस, असं मी विचारलं. आत्या म्हणाली की जमवलं, चांगलं चाललंय तिचं.

मग तिने टेबलावरची पर्स पुढे ओढून मांडीवर घेतली.

"मला कुणी नाकारलंच नव्हतं, मास्तर," ती म्हणाली. "घरच्यांनी ठेवून घेतली. इचारलं असतं तर मी राह्यले असते. खुशीनं राह्यले असते. पण न इचारता ठेवली, नि मी आपली समजत राह्यले, मीच कुणाला पसंत न्हाय. आता ही पोरगी रोज भांडारात उभी राहून तेच समजत असंल."

मी तिला पाण्याचा ग्लास दिला. तो तिने तसाच ठेवला आणि मला म्हणाली की तो नंबर लावा.

फोन लागला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आत्याचं हिंदी तिच्या भावाच्या ट्रकवर शिकलेलं. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि मोठ्याने म्हणाली, "भाईसाब, लडकी नहीं देने का, वो मैं बोली थी. मैं उसकी आत्या. गलती मेरा है. लडकी को तो कुछ मालूमच नहीं." तो माणूस बहुधा बुचकळ्यात पडला असावा. त्याने सांगितलं की तेव्हाची जागा भरली, पण पुढच्या तुकडीसाठी नाव ठेवतो, मुलीला तिथे येऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. आत्याने त्याला दोनदा धन्यवाद दिले. फोन ठेवल्यावर ती घराकडे निघाली.

मला वाटलं होतं, होकार येईपर्यंत ती प्राचीला काही सांगणार नाही. तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. प्राची चिडली, फार चिडली. जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी आत्याने चहा पुढे केला तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला विचारायचंस ना. आत्या म्हणाली, "व्हय." त्यापुढे दोघींत त्यावर बोलणं झालं नाही. प्राची कामावरून सुटली की माझ्याकडे सरावाला यायला लागली. आत्या दाराशी बसून राही. तिची सगळी फिरती त्या दिवसांत बंद होती.

बोलावणं आलं तेव्हा सुपारीच्या बागांतून सुपाऱ्या उतरवायला सुरुवात झाली होती. भावाने ट्रकमधूनच दोघींना पनवेलला गाडीवर नेलं. मला त्यानेच नंतर सांगितलं की आत्या डब्यात शिरली, प्राचीच्या समोरच्या बाकावर एक तेलुगू कुटुंब बसलं होतं, त्यांना तिने गाव विचारलं, धंदा विचारला, मुलं किती ते विचारलं. एक अक्षर एकमेकांचं कळत नसताना गाडी सुटायच्या आत त्या बाईने प्राचीला आपल्या डब्यातलं खायला दिलं होतं. गाडी हलली तेव्हा आत्या खाली उतरली. ती रडली नाही, असं भाऊ म्हणाला. परत येताना पेण येईपर्यंत मात्र तिने त्याला एकदाही गाडी सावकाश चालव म्हणून सांगितलं नाही, तेव्हा तो घाबरला.

प्राची तिथे पास झाली. आता ती पहिल्या टाकीच्या नळांवर काम करते. मधून मधून मला सांध्यांचे फोटो पाठवते. ते मी नव्या पोरांना दाखवतो.

आत्या अजून गावांत फिरते, आया शोधते, पोरं आणून माझ्यासमोर उभी करते. पण दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती कुठेही असली तरी केंद्रात येते. घरी म्हणे रेंज नसते. डबा उघडते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते आणि प्राचीला लावते. तिकडे तीच सुट्टी असते. प्राची कँटीनमध्ये ताट घेऊन बसलेली असते, मागे भांड्यांचा आवाज. आत्या विचारते, आज काय? ती सांगते, सांबार. मग दोघी जेवतात. फारसं बोलत नाहीत. आत्या भाकरीचा तुकडा मोडते, ती भात कालवते. मीही त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा डबा खातो आणि तिकडे बघत नाही.

परवा चित्र थिजलं. प्राचीचा हात तोंडाशी गेलेला, डोळे ताटाकडे, आणि सगळं तसंच थांबलेलं. आवाजही बंद. आत्याने एकदा फोनकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. मी तिला सांगितलं की लाइन तुटलीय, पुन्हा लावून देऊ का.

"म्हाईत हाय," आत्या म्हणाली. "राहू दे. तिचं जेवान व्हायचं हाय."